नऊ वाजून दहा मिनिटांनी निघणारा माणूस: डिमेन्शियात घराबाहेर पडणं कसं ओळखावं, कसं सांभाळावं

नऊ वाजून दहा मिनिटांनी हे निघतात. निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली, डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान होऊन चार. तरी नऊच्या ठोक्याला शर्टाची बटणं लावायची लगबग सुरू होते, खिसे चाचपून होतात, आणि दहा मिनिटांत स्वारी दाराशी. "अगं, किल्ली माझ्याकडे आहे, लोक खोळंबलेत."

हे बँकेत हेड कॅशियर होते. तिजोरीला दोन किल्ल्या लागायच्या, एक ह्यांच्याकडे, दुसरी मॅनेजरकडे. दोघं हजर झाल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही आणि तिजोरी उघडल्याशिवाय काउंटर सुरू व्हायचा नाही. तेव्हा ह्यांना उशीर होणं म्हणजे सगळ्या शाखेला उशीर. ही धास्ती तेहतीस वर्षं अंगात मुरलेली.

पहिल्यांदा हरवले तेव्हा मला यातलं काहीच उमगलं नव्हतं. मुलगा कामाला निघत होता, सून आंघोळीला गेली होती, मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली आले तर दार सताड उघडं. पुढचा एक तास चाळीस मिनिटं आम्ही लांब लांब पळालो, बस स्टँड, बाग, मोठा रस्ता. सापडले मागच्याच गल्लीत, घरापासून दोनशे पावलांवर. एका बंद दुकानाच्या शटरसमोर पायरीवर ताठ बसले होते, शटर उघडायची वाट बघत. त्या गल्लीतून मुलगा दोनदा हाका मारत गेला होता. ह्यांचे कान शाबूत आहेत, हाका ऐकू गेल्याच असणार. ओ मात्र दिली नाही.

त्या दिवसापासून मी शिकत गेले ते इथे लिहिते. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी आपल्या घराच्या मापानं कापून घ्यावं.

ते कुठे निघालेत, ते आधी शोधा

याला सगळे 'भटकणं' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. भटकणाऱ्याला कुठे पोचायचं नसतं. ह्यांना पोचायचं असतं, तेही वेळेवर. ठिकाण मात्र आता उरलेलं नसतं, नाहीतर वाट पुसली गेलेली असते.

वाट का पुसली जाते, हे आमच्या डॉक्टरांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून समजावलं. हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला एन्टोरायनल कॉर्टेक्स, या दोन जागा आपला आतला नकाशा सांभाळतात. या नकाशाच्या पेशी शोधल्याबद्दल जॉन ओकीफ आणि मोझर पतीपत्नी यांना २०१४ चं नोबेल मिळालं. अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचं सर्वांत जास्त आढळणारं कारण, सर्वांत आधी घाला घालतो तो नेमका याच भागावर. त्यामुळे पाढे पाठ असतात, जुनी गाणी येतात, पण कोपऱ्यावरून घरी यायचा रस्ता सापडत नाही. "इतकं सगळं आठवतं, मग घर कसं विसरतात?" असं नातेवाईक विचारतात, त्यांना मी हेच सांगते.

अमेरिकेतली अल्झायमर्स असोसिएशन सांगते की डिमेन्शियाच्या दर दहा माणसांतली सहा जण कधी ना कधी अशी घराबाहेर पडून वाट चुकतात. तेव्हा "आमचे बाबा तसे नाहीत" यावर विसंबू नका. अजून गेले नाहीत, एवढंच ते.

मी एक शाळकरी वही घेतली आणि चार रकाने आखले: किती वाजले, त्याआधी काय झालं, तोंडचे शब्द काय, कशानं थांबले. तीन आठवडे न चुकता लिहिलं. तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, आपला अर्थ लावायचा नाही. तीन आठवड्यांनी वही उघडली तर वेळा एकाखाली एक लागलेल्या.

नऊ वाजून दहा, बँक. ही तर उघड होती.

संध्याकाळी पाच ते सात, "मला घरी जाऊ दे." डिमेन्शियात दिवस कलताना बेचैनी वाढते हे ऐकून होते. आमच्याकडे मात्र त्यात अजून एक काडी पडत होती. खिडकीची मोठी काच. बाहेर अंधारायला लागलं की तिच्यात खोलीचं प्रतिबिंब पडायचं आणि त्यात एक म्हातारा ह्यांच्याकडे टक लावून बघत बसायचा. परक्याच्या घरात आपण कशाला थांबायचं, असं त्यांना वाटलं तर चुकलं कुठे? आता साडेचारलाच पडदे ओढते आणि अंधार पडायच्या आधी सगळे दिवे लावते. निम्मी संध्याकाळ तेवढ्यानं सुधारली.

रात्री दोनच्या सुमाराला मुख्य दाराचा कोयंडा वाजायचा. हे संडासाला निघालेले असत. दोन्ही दारं तपकिरी, शेजारी शेजारी. आता संडासाचं दार रात्रभर उघडं, आत दिवा, आणि पलंगापासून तिथपर्यंत जमिनीलगत बारीक दिवे. झोपायच्या आधी तासभर पाणी कमी. कोयंड्याचा आवाज थांबला.

चौथी गोष्ट वहीशिवाय माझ्या कधीच लक्षात आली नसती. पाहुणे उठले, दाराशी चपला घालायला लागले की हेही चप्पल शोधत. निघणाऱ्यांबरोबर निघणं, आपणही तेच करतो. म्हणून आता निरोप आतल्या खोलीतच घ्यायचा आणि तेवढ्यात कुणीतरी ह्यांना गप्पांत गुंतवायचं.

वहीत काहीच जुळत नसेल तर शरीराकडे बघा. दुखणं, बद्धकोष्ठ, तहान, टोचणारा पट्टा, हे त्यांना सांगता येत नाही, मग पाय सांगतात. एकदा हे तीन दिवस, दिवसरात्र, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होते. मी रोग वाढला म्हणून रडून घेतलं. लघवी तपासली तर इन्फेक्शन. ताप अजिबात नव्हता. म्हाताऱ्या माणसात असं होतं. बदल एकाएकी झाला असेल तर आधी डॉक्टर, मग बाकीचं.

औषधांचंही विचारा. मानसिक आजारांवरच्या काही गोळ्यांनी पायांत अशी तळमळ सुटते की माणूस एका जागी बसूच शकत नाही. शांत करायला दिलेली गोळीच फेऱ्या वाढवते. शिवाय या जातीच्या गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्ये नव्या गोळ्यांवर आणि २००८ मध्ये जुन्यांवरही छापायला लावला. कधी कधी त्या द्याव्या लागतात, मी नाही म्हणत नाही. पण "जरा शांत राहतील असं काहीतरी द्या" असं स्वतःहून मागू नका. आणि चालू गोळी आपल्या मनानं बंदही करू नका.

दाराशी आल्यावर काय बोलायचं

पहिलं वर्ष मी वाद घातला. "अहो, तुम्ही रिटायर झालात." एकोणीस वर्षांपूर्वीची बातमी ह्यांना रोज सकाळी नव्यानं कळायची आणि रोज तेवढाच धक्का बसायचा. "हेच तुमचं घर" म्हणून संध्याकाळी कधी कुणाचं समाधान झाल्याचं मी पाहिलेलं नाही. 'घरी जायचंय' यात घर म्हणजे पत्ता नसतो. कधी आई असते, कधी नुसतं 'मला इथं बरं वाटत नाही' असतं.

म्हणून आता मी उलट विचारते. "घरी कोण कोण आहे?" "अंगणात काय होतं हो?" हे सांगायला लागतात. सांगता सांगता बसतात. नाहीच बसले तर मी माझी चप्पल घालते आणि म्हणते, "चला, मी येते बरोबर." वळणापर्यंत जातो, पंधरा मिनिटं चालतो, मी वाट अशी वळवते की आपलंच दार समोर येतं. दाराशी पोचल्यावर "जरा टेकू या" म्हटलं की आत येतात. हात धरून मागे ओढलं तर मात्र दुप्पट जोरानं पुढे जातात.

किल्लीचा प्रश्न किल्लीनंच सुटला. घरातली जुनी कुलपं गोळा केली, सात निघाली. दोन गंजलेली होती, तेल घालून चालती केली. सगळ्या किल्ल्या एका कडीत ओवून जुडगा केला. नऊला ह्यांच्यापुढे टेबल मांडते, वर कुलपं. "तेवढं तपासून घ्या, मग निघा." हे चष्मा लावतात. किल्ली उजेडात धरून दाते बघतात, अंगठा त्यावरून फिरवतात, मग कुलपात. नाही लागली तर जुडग्यात एक पाऊल पुढे. लागली की खटका ऐकायला मान किंचित तिरकी करतात. सातही लागली की जुडगा मुठीत घट्ट धरून म्हणतात, "टॅली झाली." यात पंचवीस मिनिटं जातात, आणि साडेनऊनंतर बँक निघून गेलेली असते.

हे फसवणं झालं का, यावर माझा मुलगा आणि मी भांडलोय. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या बेनराथ भागातल्या एका वृद्धाश्रमानं दाराबाहेर खोटा बसथांबा उभारला होता. घरी जायला निघालेली माणसं तिथं बाकावर बसत, थोड्या वेळानं घालमेल विसरत आणि कुणीतरी त्यांना आत घेऊन येई. काहींनी वाखाणला, काहींना तो अपमान वाटला. मी मधली आहे. न येणाऱ्या बसची वाट बघायला बसवणं माझ्याच्यानं होणार नाही. पण माझी कुलपं खरी आहेत, किल्ल्याही खऱ्या, आणि काम ह्यांना येतं ते आहे.

बेचैनीच्या वेळेआधी एक फेरी मारून आणणं हा दुसरा उपाय. आम्ही चार वाजता जातो. पाय दमलेले असले की साडेपाचला दाराची ओढ कमी असते. चालणं बंद करणं हे उद्दिष्ट ठेवूच नका. चालणं चांगलंच आहे, एकट्यानं चालणं वाईट. नेदरलँड्समधल्या वेस्प गावात डिमेन्शियाच्या माणसांसाठी बांधलेली होगेवेक नावाची वस्ती आहे. तिथं रस्ते आहेत, चौक आहे, आणि माणसं मोकळी हिंडतात, कारण सगळ्या वस्तीला मिळून एकच दार. घरात एवढं शक्य नाही. तरी आम्ही मधलं सामान हलवून खोल्यांतून गोल फिरता येईल अशी वाट केली. चालत्या माणसापुढे भिंत आली की त्याला दार आठवतं.

दार

नवी कडी दाराच्या अगदी खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवली. हे जुन्या जागीच चाचपतात, खाली बघत नाहीत. कुणाकडे हीच युक्ती अगदी वर कडी लावून चालते. दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा सोडला. चपला, छत्री, बँकेची जुनी बॅग, निघायची आठवण देणारं सगळं कपाटात गेलं. गाडीच्या किल्ल्या तर पहिल्याच दिवशी नजरेआड करा. चालत गेलेला सापडतो, गाडी घेऊन गेलेला दुसऱ्यालाही घेऊन जातो.

दाराला चुंबकाचा सेन्सर आहे. दार उघडलं की घरात सूर वाजतो. त्याआधी वर्षभर दोरीला बांधलेली घंटी होती, तीही वाईट नव्हती.

दारासमोर काळी सतरंजी टाका, असं मला तिघांनी सांगितलं. डिमेन्शियात खोल-उथळाचा अंदाज बिघडतो, काळा चौकोन खड्ड्यासारखा दिसतो आणि माणूस थबकतो, हे खरं आहे. मी टाकली. हे कडेला येऊन थांबले, चौकट धरली, आणि ओढा ओलांडावा तसा एक पाय लांब टाकायला लागले. गुडघा वळला, मी धरलं म्हणून वाचले. सतरंजी त्याच दिवशी गुंडाळली.

आणि एक: माणसाला आत एकटं ठेवून बाहेरून कुलूप लावू नका. कितीही घाई असली तरी. आग लागली, पडले, तर तुमच्याच कुलपानं घात होईल. घरात सगळे असतानाही कुलूप लावत असाल तर किल्ली कुठे आहे ते त्यांच्याखेरीज प्रत्येकाला माहीत हवं.

अंगावर काय असावं

नाव आणि दोन फोन नंबर. पत्ता नको, भलत्याच्या हाती लागायला नको. हातातलं कडं ह्यांनी दोन दिवसांत काढून खिडकीबाहेर टाकलं. मग शर्टाच्या कॉलरच्या आत पट्टी शिवली, धुण्यात न जाणाऱ्या शाईनं लिहून. सगळ्या शर्टांना, झोपायच्या सदऱ्यालाही. जपानच्या इरुमा शहरानं २०१६ मध्ये नखांवर चिकटवायचे क्यूआर कोड काढले होते. ऐकून हसू आलं, नंतर वाटलं, कॉलर बदलते, नख बदलत नाही.

जीपीएस घेणार असाल तर ते ज्या वस्तूत आहे ती वस्तू तुमचं माणूस सोडत नाही ना, एवढं पाहा. आम्ही बुटात बसवलं आणि हे न्हाणीघरातल्या स्लिपर घालून गेले. ह्यांच्या मनगटावर घड्याळ मात्र चोवीस तास असतं, म्हणून आता तसंच दिसणारं घड्याळ, आत जीपीएस. गाढ झोपेत असताना काढून चार्ज करते. इमारतीच्या आत ठिकाण नीट दाखवत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर दार सैल सोडू नये. आणि समजतंय तोवर त्यांनाच विचारून ठेवा. मी विचारलं होतं. हे म्हणाले, "म्हणजे मला तारण ठेवलंस तू." मग हसून हो म्हणाले.

फाइल तयार ठेवा

माणूस हरवला तर शोधायला लागणारा तपशील ब्रिटनमध्ये पोलीस कुटुंबांकडून आधीच भरून घेतात. त्याला 'हर्बर्ट प्रोटोकॉल' म्हणतात. जॉर्ज हर्बर्ट हे दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीला उतरलेले सैनिक, पुढे त्यांना डिमेन्शिया झाला, त्यांच्या नावानं. तुमच्याकडे तशी सोय असो नसो, एक कागद आजच लिहा. माणूस हरवल्यावर आपल्याला त्यांची उंचीही आठवत नाही. मला नव्हती आठवली.

त्यात वर्णन, जन्मखुणा, औषधं, कोणत्या नावानं हाक मारली की वळतात, कशाला घाबरतात. जुनी घरं, जुनी नोकरीची जागा, तिथं जायचा रस्ता. दोन फोटो: एक चेहऱ्याचा, एक उभ्यानं पूर्ण, चालतानाचा मिळाला तर उत्तम, कारण लांबून माणूस चालीवरून ओळखू येतो. फोटो दर तीन महिन्यांनी नवा. मी शिवाय रोज सकाळी कपडे घालून झाले की मोबाइलवर एक काढते. "शर्ट कोणता होता?" या प्रश्नाला मी आणि सुनेनं दोन वेगळे रंग सांगितले होते.

श्वानपथक लागलंच तर वासासाठी अंगात वापरलेला बनियन हातमोजा घालून उचलून स्वच्छ पिशवीत बंद करून ठेवा, दुसऱ्या कुणाच्या कपड्यात न मिसळता.

गेलेच, तर

आधी घर. पलंगाची पलीकडची बाजू, दारांच्या मागे, गच्ची, जिना, लिफ्ट, उभ्या गाड्या. एक जण फोन घेऊन घरीच थांबतो, कारण ते परतही येतात. पंधरा मिनिटांत सापडले नाहीत तर पोलिसांना फोन. मला तिथं बसलेल्या गृहस्थानं "येतील संध्याकाळपर्यंत, चोवीस तास तरी जाऊ द्या" म्हणून वाटेला लावलं होतं. ऐकू नका. "डिमेन्शिया आहे, स्वतःला सांभाळता येत नाही, जिवाला धोका आहे" ही तीन वाक्यं त्याच क्रमानं पुन्हा पुन्हा म्हणा.

शोध जवळून लांब. पाणी, रेल्वेरूळ, मोठा रस्ता जवळ असेल तर तिथं पहिला माणूस पाठवा. अशी माणसं बहुधा सरळ चालत जातात आणि अडकेपर्यंत थांबत नाहीत. झुडूप, कुंपण, चर, बोळाचं टोक, जिथं पुढे जाता येत नाही तिथं उभी किंवा बसलेली असतात. मदतीला हाक मारत नाहीत आणि आपल्या हाकेला ओ देत नाहीत. म्हणून ओरडत पुढे जाऊ नका. थांबा, वाका, मागे बघा. पायऱ्या, बंद दारं, गाड्यांच्या मधल्या फटी. आम्ही दोनशे पावलांवरचा माणूस पावणेदोन तास हरवला होता, कारण आम्ही कानांनी शोधत होतो.

दिसल्यावर धावत जाऊ नका, पाठीमागून धरू नका. समोरून, हळू, दिसेल असं. मी त्या दिवशी नुसती शेजारी पायरीवर बसले. "बराच वेळ झाला का?" विचारलं. "अजून उघडलं नाही," हे म्हणाले. "मग उद्या येऊ." उठले. घरी आणून पाणी दिलं, पाय पाहिले, अंगावर कुठे खरचटलं का बघितलं. मुलाला रागवायचं होतं, मी डोळ्यांनी दटावलं. ह्यांना काय झालं ते पाच मिनिटांत आठवणार नाही, पण कुणीतरी आपल्यावर चिडलंय हे संध्याकाळपर्यंत राहतं, आणि चिडलेल्या घरातून माणूस पुन्हा निघतो.

रात्रीचं एक सांगायचं राहिलं. सेन्सरचा सूर मुलगा आणि मी एकाआड एक रात्र ऐकतो. ज्याची पाळी नाही त्यानं दार लावून झोपायचं, उठून यायचं नाही. हे ठरवायला आम्हाला फार उशीर झाला.

शेजाऱ्यांना सांगायलाही मी वर्षभर लाजले. आता गल्लीतल्या प्रत्येक घराकडे माझा नंबर आहे आणि सगळ्यांना एकच सूचना: "कुठे निघालात?" विचारू नका, "या, बसा जरा" म्हणा आणि मला फोन करा.

गेल्या महिन्यापासून नऊ दहाचा जोर ओसरलाय. कुलपं कधी कधी तशीच पडून राहतात. त्याऐवजी दुपारी तीन चाळीसला हे उठतात, दाराशी जातात, काही बोलत नाहीत, कडीवर हात ठेवून उभे राहतात. बँक तेव्हा सुटत नसे, शाळाही नाही. ह्यांच्या धाकट्या बहिणीला फोन करून विचारलं, तिलाही सुचेना. वहीत सोळा नोंदी झाल्यात, आणि तोंडच्या शब्दांचा रकाना अजून कोराच आहे.